पळसाची दरी, उंबराची खिंड

दोस्तांनो, गेल्या महिन्यात या पानाच्या पत्त्यावर एक पत्र आलं. वहीतलं फाडलेलं पान, पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि खाली मोठ्या अक्षरांत सूचना : ‘माझं नाव छापू नका.’ नाही छापत! पण पत्रातला मजकूर मात्र सांगतो. ‘मी कर्जत तालुक्यातल्या एका कातकरी वाडीत राहते. सातवीत आहे. माझं आडनाव वाघमारे. वर्गातली मुलं विचारतात, तुझ्या आजोबांनी वाघ मारला की उंदीर? तुम्ही दर आठवड्याला शब्दांबद्दल सांगता, तर याचं उत्तर सांगा. आणि दुसरं म्हणजे, आमच्या वाडीचं नाव नकाशात नाही. का नाही?’

पहिला प्रश्न सोपा आहे, दुसरा अवघड. आपण सोप्यापासून सुरुवात करू.

वाघमारे म्हणजे वाघ मारणारा. यात लपवण्यासारखं काहीच नाही. आज कर्जतला लोकलमधून उतरल्यावर आपल्याला फार तर माकडं दिसतात; पण सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी या सह्याद्रीच्या पायथ्याला खरेखुरे वाघ होते. रानात राहणाऱ्यांना त्यांच्याशी गाठ घालूनच जगावं लागे. कुणी एकानं वाघ मारला, की पुढच्या पिढ्यांना तीच ओळख चिकटली. मात्र एक लक्षात ठेवा. हा वाघ काही एकाच घराण्यानं मारलेला नाही! वाघमारे हे आडनाव महाराष्ट्रात कितीतरी निरनिराळ्या समाजांत आहे. पवार आणि जाधव यांचंही तसंच. म्हणून आडनाव ऐकून ‘हा अमक्यांतला’ असं ठरवणारी मंडळी हमखास फसतात. (मला तर अशी मंडळी फसली की आनंदच होतो.) ठाकर समाजात ‘पारधी’ असं आडनाव आहे, म्हणून ते पारधी जमातीचे होत नाहीत.

आता हसणाऱ्या मुलांसाठी एक गंमत. स्कॉटलंड आणि आयर्लंड या देशांत गेलिक नावाची जुनी भाषा आहे. तिथली बरीच आडनावं त्या भाषेतून आली. २०१० ते २०१६ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते डेव्हिड कॅमेरून. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या या कॅमेरून आडनावाचा गेलिकमध्ये अर्थ काय, तर ‘वाकड्या नाकाचा’! आणि कॅम्पबेल म्हणजे ‘वाकड्या तोंडाचा’. तेव्हा वाकडनाके जर पंतप्रधान होऊ शकतात, तर वाघमाऱ्यांनी मान खाली घालायचं काय कारण?

याच गेलिक नावांत ‘मॅक’ आणि ‘ओ’ फार भेटतात. मॅकडोनाल्ड, मॅकिंटायर, ओब्रायन. मॅक म्हणजे मुलगा, ओ म्हणजे नातू किंवा वंशज. मॅकिंटायर म्हणजे सुताराचा मुलगा, मॅकगोवन म्हणजे लोहाराचा मुलगा. आपल्याकडे सुतार आणि लोहार अशीच आडनावं आहेत, ‘चा मुलगा’ एवढं आपण म्हणत नाही. मुलगी असेल तर गेलिकमध्ये मॅकच्या जागी ‘निक’ येतं. हे वाचून तुम्हाला परकं वाटलं असेल, तर घरातला एखादा जुना जमिनीचा कागद बाबांकडून मागून घ्या. त्यात ‘गणू बिन धोंडू’, ‘भागी कोम राघू’ अशी नावं सापडतील. ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, हा शब्द अरबीतून आला. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. आडनाव कुठंच नाही! आपल्या पणजोबांच्या काळात ‘तू कुणाचा?’ एवढंच पुरत असे. आजही शाळेच्या हजेरीपटावर आपल्या नावानंतर वडिलांचं नाव येतं, तो आपला मॅकच आहे.

त्याहून मागं जायचं आहे? मग कर्जतजवळच्या कोंढाण्याच्या लेण्यांत चला. राजमाचीच्या पायथ्याला, पावसाळ्यात धबधब्याच्या पडद्याआड असलेली ही बौद्ध लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. तिथं ब्राह्मी लिपीतला एक छोटासा लेख आहे. त्याचा अर्थ असा, की कण्हाचा शिष्य बलक यानं हे काम केलं. बघा, बलकाला आडनाव नाही आणि तो बापाचंही नाव सांगत नाही. गुरूचं नाव सांगतो! माझ्या माहितीत या तालुक्यानं जपून ठेवलेलं माणसाचं सर्वांत जुनं नाव ते हेच.

बरं, पत्र लिहिणारी आपली मैत्रीण कातकरी वाडीतली. तर तिच्या आडनावाइतकंच तिच्या जमातीचं नावही बघू या. विड्याच्या पानाला लावतात तो काथ तुम्ही पाहिला आहे ना? तो खैराच्या झाडापासून होतो. खैराच्या खोडाचा आतला लाल गाभा काढायचा, त्याच्या ढलप्या करायच्या, त्या मडक्यांत पाणी घालून उकळायच्या, रस आटवून घट्ट करायचा आणि त्याच्या वड्या वाळवायच्या. धूर, चटका आणि दिवसभराची मेहनत. हे काम करणारे ते काथकरी, म्हणजेच कातकरी. काथोडी हे त्याच जमातीचं दुसरं नाव. अनुसूचित जमातींच्या सरकारी यादीत दोन्ही नावं आहेत. पुढं १८७८ चा वन कायदा आला, जंगलं राखीव झाली, खैरावर कुऱ्हाड चालवणं हा गुन्हा ठरू लागला आणि काथाचा धंदा बसला. मग कातकरी कोळशाच्या भट्ट्यांवर गेले आणि नंतर वीटभट्ट्यांवर. आज दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परत येतात. मधल्या काळात शाळा बुडते ती बुडतेच. धंदा गेला, नाव तेवढं उरलं. म्हणजे कातकरी हा शब्द उच्चारला, की आपण नकळत एका बुडालेल्या धंद्याची आठवण काढत असतो.

इथं एक बारीक फरक बघून ठेवा. ‘कातकरी’तला ‘करी’ म्हणजे करणारा, जसा शेतकरी. पण खोपोलीकर, पुणेकर यांतला ‘कर’ वेगळा. तो ‘त्या गावचा’ असं सांगतो. आणि गंमत अशी, की हा ‘कर’ गाव सोडल्याशिवाय मिळत नाही! कर्जतमध्ये राहणाऱ्याला कर्जतकर म्हणून काय उपयोग? तिथं सगळेच कर्जतचे. तो पुण्याला किंवा मुंबईला जाऊन राहिला, की मग लोक त्याला त्या नावानं ओळखू लागतात. म्हणून ‘कर’वालं आडनाव म्हणजे घराण्यात कुणीतरी कधीतरी गाव सोडल्याची खूण आहे, असं बहुतेक वेळा समजावं.

कामावरून आणि हुद्द्यावरून पडलेली आडनावं तर ढीगभर आहेत. पाटील, देशमुख, कुलकर्णी हे तुम्हाला माहीत आहेत. कोतवाल म्हणजे कोटाचा, किल्ल्याचा राखणदार. कर्जत तालुक्यात हे आडनाव उच्चारलं की आठवतात ते माथेरानचे भाई कोतवाल. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल हे त्यांचं पूर्ण नाव. १९४२ च्या लढ्यात ते भूमिगत झाले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. त्यांच्याबरोबर कर्जत तालुक्यातल्या मानिवलीचे हिराजी पाटीलही. आणि म्हात्रे? रायगड जिल्ह्यात दगड मारला तर म्हात्र्यांना लागेल, इतके म्हात्रे! जुन्या ताम्रपटांत ‘महत्तर’ असा शब्द येतो. महत्तर म्हणजे गावातला वडीलधारा, कारभार बघणारा माणूस. त्याचाच झिजून म्हात्रा झाला. आपला ‘म्हातारा’ हा शब्दही त्याच घराण्यातला. तेव्हा तुमच्या वर्गातला म्हात्रे आडनावाचा मुलगा कितीही लहान दिसला, तरी नावानं तो सगळ्यांत मोठा!

आता गावांकडे वळू. त्यासाठी कर्जतहून खोपोलीची लोकल पकडा. मधली स्टेशनं अशी : पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि मग खोपोली. पळसदरी म्हणजे पळसाची दरी, याला कोश लागत नाही. शिमग्याच्या सुमारास या रस्त्यानं गेलात, तर डोंगरउतारावर केशरी जाळ लागल्यासारखा पळस फुललेला दिसेल. केळवली, डोलवली, तिकडची मानिवली, आणि थोडं लांब जाऊन डोंबिवली, कांदिवली, या सगळ्यांच्या शेवटी ‘वली’ का? तर ‘पल्ली’ हा वस्ती या अर्थाचा फार जुना शब्द आहे. आंध्र-तेलंगणात तो अजून जसाच्या तसा आहे : मदनपल्ली, कूकटपल्ली. आपल्याकडे तोंडातोंडी ‘प’ चा ‘व’ झाला आणि पल्लीची वली झाली. म्हणजे बघा, खोपोली लोकलमध्ये बसून तुम्ही एकदम मदनपल्लीच्या नात्यात जाता.

झाडांची नावं या भागात किती आहेत, ते मोजायला बसलात तर सुट्टी पुरणार नाही. मोहोपाडा म्हणजे मोहाच्या झाडांचा पाडा. आणि उंबरखिंड तर इतिहासाच्या पुस्तकातच आहे. खालापूर तालुक्यातल्या चावणी गावाजवळच्या या खिंडीत २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या फौजेला गाठलं. वर डोंगरात मावळे, खाली अरुंद वाट, घनदाट रान. खानाला शरण येण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. एवढी मोठी लढाई झाली, पण जागेचं नाव राहिलं ते उंबराचंच. मला हे फार आवडतं.

रेल्वे आली तेव्हा या नावांचे काय हाल झाले, तेही सांगायला हवं. १८५६ मध्ये आगगाडी कल्याणहून पळसदरीमार्गे खोपोलीपर्यंत पोचली. तेव्हा बोरघाटातला रेल्वेमार्ग झालेला नव्हता. तो सुरू झाला १८६३ साली. साहेबांच्या कागदांत खोपोली झाली ‘कॅम्पूली’, कर्जत झालं ‘कुरजुत’ आणि नेरळ ‘नारेल’. ज्यानं जसं ऐकलं तसं लिहिलं! आयर्लंडमध्येही हेच घडलं. १८२४ पासून तिथं इंग्रजांनी मोजणी करून नकाशे केले आणि गेलिक नावं इंग्रजी कानांना जशी ऐकू आली तशी लिहिली. ‘बाल्या’ म्हणजे गाव, त्याचं झालं ‘बॅली’. राजधानी डब्लिनचं नाव मुळात ‘काळा डोह’ अशा अर्थाचं आहे. इंग्रजी रूप वाचून हा डोह कुणाला दिसणार?

आपल्याकडचं एक ताजं उदाहरण देतो. अष्टविनायकांपैकी वरदविनायक खालापूर तालुक्यात आहे, महड या गावी. आणि चवदार तळ्याचा १९२७ चा सत्याग्रह झाला ते महाड. मराठीत एका कान्याचा फरक, रस्त्यानं शंभर-एक किलोमीटरचं अंतर. पण इंग्रजी पाटीवर दोन्हींची अक्षरं अगदी एकच! तेव्हा सहलीच्या बसवाल्याला कागद देताना देवनागरीत लिहून द्या, बरं का.

नावांचे अर्थ लावताना आणखी एक सावधगिरी बाळगायला लागते. अर्थ जितका झटकन सुचतो, तितका तो संशयास्पद असतो! कर्जतच्या मुलांना बाहेरगावी ‘कर्जात बुडालेलं गाव’ म्हणून चिडवतात. चिडवू द्या. पण कुणी ‘कर्जतचा अर्थ असा आहे’ अशी इथल्या नदीडोंगराची कहाणी सांगू लागला, तर त्याला विचारा, की मग अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतचं काय? तिथं ना उल्हास नदी, ना बोरघाट. दोन्ही कर्जतांना लागू पडेल तोच अर्थ धरायचा. खोपोलीजवळ साजगावला कार्तिकात मोठी जत्रा भरते, ती बोंबल्या विठोबाची. असं कसं नाव? काही सांगतात, जत्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो, बोंबलांच्या राशी लागतात, म्हणून बोंबल्या. दुसरे सांगतात, तुकाराम महाराज इकडे व्यापाराला आले होते, लोकांनी उधारी बुडवली, तेव्हा त्यांनी विठोबासमोर बोंब ठोकली, म्हणून बोंबल्या. एक गोष्ट बाजारातली, दुसरी देवळातली. जत्रेला जाल तेव्हा दोन्ही ऐका, आणि बोंबील घेऊन या.

कधी कधी नावच साक्षीदार होतं. माथेरानचा शोध १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब यांनी लावला, असं पुस्तकांत असतं. ते चौकहून वर चढले. पुढं तिथं शार्लट लेक झालं, लुइझा पॉइंट झाला. पण त्या डोंगराचं नाव काय? माथेरान, माथ्यावरचं रान. हे काही मॅलेट साहेबांना सुचलेलं नाही. म्हणजे साहेबाच्या आधी तिथं मराठी बोलणारं कुणीतरी ये-जा करत होतं. शोध लागण्याआधीच बारसं होऊन गेलं होतं! याच्या उलट रसायनी. १९६० मध्ये हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, रसायनांचे कारखाने आले आणि वस्तीला रसायनी हे कोरं नवं नाव मिळालं. शेजारी मोहोपाडा आहेच. म्हणजे एकाच बसथांब्याच्या अंतरावर मोहाची झाडं आणि रसायनं नांदतात. आपल्या जिल्ह्याचंही तसंच : १ जानेवारी १९८१ पर्यंत तो कुलाबा जिल्हा होता, त्या दिवसापासून रायगड झाला. आजी-आजोबा अजून चुकून कुलाबा म्हणतात का, ऐकून बघा.

आता तो अवघड प्रश्न. वाडीचं नाव नकाशात का नाही?

सरकारी दप्तरात जमीन मोजली जाते ती महसुली गावाच्या हिशेबानं. एका महसुली गावाच्या हद्दीत चार-पाच वाड्या असू शकतात : ठाकरवाडी, कातकरवाडी, धनगरवाडा. कागदावर नाव येतं ते गावाचं. वाडी त्याच्या पोटात असते, तिचं वेगळं पान असतंच असं नाही. जी वस्ती गावठाणात धरलेली नसते, तिथलं अंगण, चूल, गोठा सगळं ज्या जमिनीवर उभं आहे, तिच्या सात-बाऱ्यावर पुष्कळदा दुसऱ्याच कुणाचं नाव असतं. पूर्वी याची कुणाला फिकीर नव्हती. मालक आणि वाडी दोघंही पिढ्यान्‌पिढ्या तिथंच. पण कर्जत-खालापुरात जमिनींचे भाव चढले, फार्म हाउसं उभी राहिली, तारेची कुंपणं आली. जमीन विकली गेली, की नवा मालक विचारतो, इथं वाडी आहे हे कुठं लिहिलंय? म्हणून आपल्या मैत्रिणीचा प्रश्न भूगोलाच्या तासाचा राहत नाही. वाडीचं गावठाण व्हावं यासाठी ग्रामसभेत ठराव करावा लागतो, अर्ज कलेक्टर कचेरीपर्यंत न्यावा लागतो. आणि त्या अर्जात पहिल्या ओळीत काय लिहायचं असतं? वाडीचं नाव.

खालापूर तालुक्यातल्या एका वाडीचं नाव तर साऱ्या देशानं एका रात्रीत ऐकलं. इर्शाळगडाच्या पोटातली ठाकरांची वस्ती, गडाच्या नावावरून इर्शाळवाडी. गाडीरस्ता नव्हता, चढून जावं लागे. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात डोंगराचा कडा तिच्यावर कोसळला. २७ जणांचे देह मिळाले, ५७ जण सापडलेच नाहीत. वाचलेल्यांसाठी खाली चौकजवळ नवी घरं बांधण्यात आली. वर आता वस्ती नाही. नाव आहे.

तर मैत्रिणी, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी पुरं देऊ शकत नाही, पण एक काम सांगतो. दोन रेघी वही घे. वाडीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाजवळ, आजी असेल तर तिच्याजवळ, बैस. विचार : वाडीला हे नाव कधीपासून? त्याआधी काही दुसरं होतं का? ओहळाला काय म्हणता, टेपाला काय, ज्या झाडाखाली देव आहे त्याला काय, गुरं चरतात त्या माळाला काय, होळी पेटते त्या जागेला काय? जसं ती बोलते तसंच लिही, ‘शुद्ध’ करत बसू नकोस. ती ‘ळ’ ला ‘ल’ म्हणत असेल, तर ‘ल’च लिही. प्रत्येक नावापुढे तिचं वय आणि तारीख टाक. मग गुरुजींकडून त्या पानाची एक प्रत करून घे. एक तुझ्याकडे, एक शाळेत. ग्रामसभेला मोठी माणसं जातील तेव्हा हे पान त्यांच्या उपयोगी पडेल. वाडी भट्टीवर जायच्या आत हे काम उरकायला हवं, कारण एकदा सगळे पांगले की पाऊस पडेपर्यंत विचारायला कुणी नसेल.

बाकीच्यांनीही आपापल्या गावची दहा नावं पाठवा. शेतांची, ओढ्यांची, बांधांची, खडकांची. नकाशात नसलेलीच हवीत. पाकिटावर कोपऱ्यात ‘नावं’ असं लिहा, म्हणजे ती नेमकी माझ्या टेबलावर येतील. आणि हो, पेज नदीच्या काठच्या मुलांनो, तुमच्या नदीला आणि आजारपणात आई देते त्या पेजेला एकच नाव कसं, याबद्दल तुमच्या आजीचं काय म्हणणं आहे, तेही कळवा.